तारांकित निवास, विरळ हवा

नाशिककरांना थंडीचे अप्रूप नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास घसरतो, द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटतात आणि पहाटे गोदाकाठी स्नानाला आलेल्यांच्या अंगावर शहारे येतात. त्यामुळे बर्फाच्या प्रदेशात जायचे ठरले की आपल्या घरांतून पहिली खरेदी होते ती लोकरीच्या कपड्यांची. कानटोप्या येतात, हातमोजे येतात, चिवडा-लाडवांचे डबे भरले जातात. थंडीचा बंदोबस्त झाला की प्रवासाची तयारी पूर्ण झाली, असे आपण समजतो.

वाचकहो, या लेखात थंडीपेक्षा वेगळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. ती कपड्यांनी भागत नाही, पैशांनी टळत नाही आणि हॉटेलच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत कधीच छापलेली नसते. ती गोष्ट म्हणजे उंची.

आपल्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई. नाशिक-अहिल्यानगरच्या सीमेवरच्या या शिखराची उंची १,६४६ मीटर. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. आता काश्मीरकडे पाहा. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर वसलेले आहे. म्हणजे श्रीनगरच्या सपाट रस्त्यावर आपण उभे असतो, तेव्हा जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर असतो. तेथून गुलमर्गचा चढ सुरू होतो. जेथे आपला सह्याद्री संपतो, तेथून पुढे आणखी हजार मीटर वर!

फुलांच्या कुरणात

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात हिवाळ्याच्या तोंडावर एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे : ‘डॉक्टर, आम्ही गुलमर्गला चाललो आहोत, काही गोळ्या लागतील का?’ विचारणारे कधी नवपरिणीत असतात, कधी तीन पिढ्यांचे कुटुंब. या प्रश्नाचे उत्तर मला केवळ पुस्तकातून द्यायचे नव्हते. एका फेब्रुवारीत योग जुळून आला. पुतण्याच्या पुढाकाराने आम्ही सातजण निघालो : माझे पती, चौसष्ट वर्षांचे थोरले दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, जाऊबाई, पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची सात वर्षांची लेक.

ओझरहून दिल्लीमार्गे त्याच दिवशी थेट गुलमर्ग गाठण्याचा पुतण्याचा बेत होता. मी एकच आग्रह धरला : पहिली रात्र श्रीनगरमध्ये. शरीराला जिना चढू द्यावा, त्याला उचलून गच्चीवर ठेवू नये, हे त्यामागचे कारण.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. तंगमर्गपर्यंत रस्ता सौम्य चढाचा आहे. पुढचे १३ किलोमीटर मात्र फर आणि देवदारांच्या दाट रानातून वळणे घेत जातात. बर्फ पडलेले असेल तर चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. भाड्याचे रबरी बूट आणि जाड कोट देणारी दुकाने तंगमर्गलाच भेटतात. शेवटचे वळण संपते आणि एक विस्तीर्ण, शुभ्र, बशीसारखा खोलगट प्रदेश समोर उघडतो. उन्हाळ्यात हेच फुलांचे कुरण असते. गुलमर्ग या नावाचा अर्थही तोच. पूर्वीचे नाव गौरीमर्ग होते आणि सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने ते बदलले, असे सांगतात. इंग्रजांनी येथे उन्हाळी विश्रांतीचे ठाणे केले, गोल्फचे मैदान आखले. नेडू कुटुंबाचे हॉटेल १८८८ पासूनचे. स्वातंत्र्यानंतर लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेने आणि स्कीइंग-गिर्यारोहण शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने या उतारांना नवे आयुष्य दिले. १९९८ मध्ये गोंडोला म्हणजे दोरमार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, २००५ मध्ये दुसरा. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धाही येथे होऊ लागल्या. या साऱ्याबरोबर आली ती उंची हॉटेले.

आमचे हॉटेल त्यांपैकीच एक. दारात पाऊल टाकताच कोटावरचे हिम झटकून घेणारे नम्र हात, हाती केशर-बदामाचा गरम कहवा, मध्यवर्ती यंत्रणेने ऊब दिलेल्या खोल्या, पायाखाली दाट गालिचा. काचेच्या भल्यामोठ्या भिंतीपलीकडे अफरवटचा पर्वत. तळमजल्यावर कोमट पाण्याचा तरणतलाव, मसाजची दालने आणि स्कीचे बूट वाळवून उबदार ठेवणारी स्वतंत्र खोली. बाहेर उणे सात, आत चोवीस अंश. जाऊबाई पहिल्याच क्षणी म्हणाल्या, ‘येथे आपल्याला काही होणे शक्यच नाही.’

या वाक्यातच सगळा धोका सामावलेला आहे. ऊब, मऊ गादी आणि सुग्रास अन्न मिळाले की मन समजते, आपण सुरक्षित घरात आहोत. फुप्फुसांना मात्र ठाऊक असते की आपण २,६५० मीटरवर आहोत. हॉटेल खोली गरम करू शकते. खोलीतल्या हवेचा दाब वाढवू शकत नाही.

हवा कमी होते म्हणजे काय?

पर्वतावर प्राणवायू ‘कमी’ असतो, असे आपण बोलतो. नीट पाहिले तर हवेतील त्याचा वाटा सर्वत्र तोच असतो, सुमारे २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी हा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या भाषेत ७६० मिलिमीटर असतो, गुलमर्गला तो अंदाजे ५५० असतो, तर गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या माथ्यावर ४७०च्या घरात. म्हणजे गुलमर्गला प्रत्येक श्वासाबरोबर समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ सव्वा ते दीड चतुर्थांश नव्हे, तर साधारण एक चतुर्थांशाहून थोडा अधिक प्राणवायू कमी पडतो, आणि माथ्यावर एक तृतीयांशाहून अधिक.

शरीर याला उत्तर देते. श्वास जलद व खोल होतो, नाडीचा वेग वाढतो, मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचे संतुलन बदलू लागतात. हे जुळवून घेण्याचे काम तासांत होत नाही, त्याला दिवस लागतात. साधारणतः २,५०० मीटरच्या वर झपाट्याने गेलेल्यांपैकी काहींना सहा ते बारा तासांत त्रास सुरू होतो : डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, थकवा आणि तुटक झोप. हा उंचीचा आजार. तरुण व धडधाकट माणसालाही तो होतो. रोज पांडवलेणीच्या पायऱ्या चढणाऱ्याचे पाय बळकट असतील, पण त्या सरावाने उंचीची सवय होत नाही. उलट, ताकदीच्या भरवशावर पहिल्याच दिवशी धावपळ करणारा तरुण अधिक लवकर आडवा होतो.

रात्रीची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या उंचीवर झोपेत काहींचा श्वास काही क्षण थांबल्यासारखा होतो आणि मग दीर्घ उसासा येऊन पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेल्याची घाबरगुंडी उडते. निरोगी माणसांतही हे सामान्यतः आढळते. मात्र झोप यावी म्हणून झोपेची गोळी किंवा मद्य घेणे येथे घातक, कारण दोन्ही श्वासाला आणखी मंद करतात.

भाऊजींची रात्र

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात चाळीसेक पदार्थ मांडले होते. खाण्याचे शौकीन असलेल्या भाऊजींनी दोन घास घेऊन ताट सरकवले. ‘दुपारचे जड झाले असावे,’ असे म्हणून ते खोलीत गेले. नऊच्या सुमारास जाऊबाईंचा दूरध्वनी आला : डोके ठणकते आहे, एकदा उलटी झाली.

अपचन, पित्त, प्रवासाचा शीण अशी तीन नावे तोवर घरच्यांनी त्याला दिली होती. डोंगरावर एक नियम पाळावा : नव्या उंचीवर आल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीचीच समजावी. मी त्यांना चार प्रश्न विचारले. स्वस्थ बसल्यावर दम लागतो का? छातीत घट्टपणा किंवा सतत खोकला आहे का? बोलण्यात गोंधळ होतो का? चालताना तोल जातो का? शेवटच्यासाठी गालिच्यावरच्या नक्षीची एक सरळ रेघ निवडून, टाचेला अंगठा टेकवत चालायला सांगितले. ते नीट चालले. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा होता ८९.

करोनाच्या दिवसांत आपण सर्वांनी ९४ हा आकडा पाठ केला आणि ते यंत्र अजूनही घराघरांच्या खणात आहे. परंतु तो आकडा मैदानातला. गुलमर्गच्या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा ९१ ते ९५च्या दरम्यान रेंगाळू शकतो. शिवाय बोटे गार असतील तर यंत्र चुकीचे दाखवते. म्हणून केवळ आकड्याने घाबरू नये आणि केवळ आकड्याने निश्चिंतही होऊ नये. माणसाकडे पाहावे.

भाऊजींना पॅरासिटामॉल दिले, घोट घोट पाणी, उशीला उंची आणि पूर्ण विश्रांती. पहाटेपर्यंत दोनदा जाऊन पाहिले. पुतण्याला खाली गाडीची चौकशी करून ठेवायला सांगितले, कारण त्रास वाढला तर एकच खात्रीचा उपाय असतो : खाली उतरणे. तंगमर्ग सुमारे पाचशे मीटर खाली आहे, तेवढ्यानेही फरक पडतो. तेथे सरकारी रुग्णालय आहे आणि पुढे श्रीनगरला श्री महाराजा हरिसिंह रुग्णालय व सौरा येथील शेर-ए-काश्मीर संस्था. मात्र हिमवर्षाव सुरू झाला की तोच घाट बंद होऊ शकतो. म्हणून उतरण्याचा निर्णय उजेडात घ्यावा, मध्यरात्रीवर ढकलू नये. बसल्या जागी दम, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ निळसर होणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब नको. ही फुप्फुसांत किंवा मेंदूत सूज येत असल्याची चिन्हे आहेत आणि त्यांत जीव जाऊ शकतो.

सकाळी डोकेदुखी निम्मी झाली होती. खरा प्रसंग मग सुरू झाला. गोंडोलाच्या दोन्ही टप्प्यांची तिकिटे त्याच दिवसाची होती. ‘एवढा खर्च करून आलो, तिकीट वाया घालवू? वर काय, बसूनच तर जायचे!’ भाऊजींचा हा युक्तिवाद मी दवाखान्यातही वेगवेगळ्या रूपांत ऐकत आले आहे. बसून गेले तरी उंची ती उंचीच. गोंडोला पहिल्या टप्प्यात कोंगदूरीला सुमारे ३,०८० मीटरवर नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास. पायी चढणारा माणूस दमून थांबतो आणि तेच त्याचे संरक्षण असते. पाळण्यात बसलेल्याला थांबण्याची आठवण कोणी करून देत नाही. लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही, हा पर्वताचा पहिला नियम आहे.

भाऊजी रागावले, दोन तास बोलले नाहीत. दिवसभर त्यांनी काचेच्या भिंतीशी आरामखुर्चीत बसून पर्वत पाहिला, सूप घेतले, नातीबरोबर पत्ते खेळले. संध्याकाळी आकडा ९२ होता आणि भूक परतली होती. तिसऱ्या दिवशी ते कोंगदूरीपर्यंत गेले, बर्फात अर्धा तास बसले आणि परत आले. दुसऱ्या टप्प्याला त्यांनी स्वतःच नकार दिला.

उबेचे धोके

बंद, तापवलेल्या खोलीतली हवा अतिशय कोरडी असते. तहान न लागताच शरीरातले पाणी घटते, घसा कोरडा पडतो, मुलांच्या नाकातून रक्त येते. खोलीत पाण्याचे भांडे ठेवावे आणि ठरवून पाणी प्यावे. उणे तापमानातून येऊन थेट वाफेच्या खोलीत किंवा गरम पाण्याच्या कुंडात शिरू नये. रक्तवाहिन्या एकदम सैलावून रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. हृदयरुग्णांनी व गर्भवतींनी ती कुंडे टाळावीत. मद्य पहिले दोन दिवस तरी वर्ज्य. त्याने अंग ‘गरम’ वाटते, प्रत्यक्षात त्वचेवाटे ऊब निघून जाते.

लहान निवासांत खोली तापवायला लाकडाची वा कोळशाची बुखारी, गॅसची शेगडी किंवा कांगडी असते. दारे-खिडक्या घट्ट लावून ती रात्रभर पेटती ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू साचतो. त्याची लक्षणे उंचीच्या आजारासारखीच असतात : डोकेदुखी आणि मळमळ. एकाच खोलीतल्या सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी शेगडी विझवावी, खिडकी उघडावी आणि सर्वांना मोकळ्या हवेत आणून तत्काळ वैद्यकीय मदत मागवावी.

उतारावर

स्कीइंग शिकायला गुलमर्गचे सौम्य उतार फार चांगले. पण प्रशिक्षकाशिवाय आणि शिरस्त्राणाशिवाय पाऊल टाकू नये. पायाला लांब पट्ट्या जखडलेल्या असताना तोल गेला की पीळ बसतो तो गुडघ्याला, आणि तेथील अस्थिबंध फाटतात. हातात काठी धरून पडल्याने अंगठ्याच्या मुळाशीही इजा होते. निघण्यापूर्वी सहा आठवडे उठाबशा आणि जिने चढण्या-उतरण्याचा व्यायाम केला, तर मांड्या गुडघ्यांची राखण करतात. थकल्यावरची ‘शेवटची एक फेरी’ टाळावी. दमलेले पायच घात करतात. आखलेल्या हद्दीबाहेर तर मुळीच जाऊ नये. फेब्रुवारी २०१० मध्ये याच परिसरात हिमस्खलनाने युद्धशाळेतील प्रशिक्षित जवानांचेही प्राण घेतले होते.

डोळ्यांना जपावे. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकते. ढगाळ दिवशीही काळा चष्मा हवा, मुलांनाही. नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. सनस्क्रीन हनुवटीखाली व नाकाच्या खालीही लावावे, कारण येथे ऊन खालूनही येते. बोट पांढरे-बधिर पडले तर बर्फाने चोळू नये, शेगडीवरही धरू नये; काखेत धरून हळूहळू ऊब द्यावी.

निघण्यापूर्वी कोणी भेटावे?

हृदयविकार, दमा, फुप्फुसांचे जुने आजार, अनियंत्रित रक्तदाब, मूत्रपिंडविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी प्रवास ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. तिकीट काढल्यावर नव्हे. ताप-खोकला ताजा असेल तर सहल पुढे ढकलावी. मधुमेहींनी इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत आणि बाहेर फिरताना आतल्या खिशात ठेवावे, ते गोठले की निरुपयोगी होते. ग्लुकोमीटरही अतिथंडीत चुकतो. पायांची संवेदना कमी असलेल्यांनी भाड्याचे बूट काढल्यावर रोज तळपाय तपासावेत आणि ते कधीही हीटरजवळ शेकू नयेत.

आपल्या नाशिक जिल्ह्यासाठी एक खास सूचना. पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्याला आजार नाही पण जो केवळ वाहक आहे, त्यालाही मोठ्या उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. आज या भागांतली शिकली-सवरलेली तरुण मुले नोकरीच्या सहलींवर हिमालयात जातात. त्यांनी रक्ताची साधी तपासणी जरूर करून घ्यावी.

उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून ॲसिटाझोलामाइड हे औषध वापरले जाते. ते सर्वांना लागत नाही, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना चालेलच असे नाही. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घेऊ नये. लहान मुले डोके दुखते असे सांगत नाहीत. ती किरकिर करतात, खेळ सोडतात, जेवत नाहीत. तीच त्यांची भाषा समजावी.

वाचकहो, गुलमर्गला अवश्य जा. ऐपत असेल तर चांगल्या हॉटेलात राहा. आयुष्यभर कष्ट केलेल्या आईवडिलांना तेथे नेण्यासारखा आनंद थोडा. फक्त त्या सुखाचा उपयोग नीट करा. पहिला पूर्ण दिवस कोरा ठेवा. कोणतेही तिकीट, कोणतीही फेरी, कोणतीही शिकवणी त्या दिवसाला बांधू नका. त्या महागड्या खोलीचे पैसे सर्वांत चांगले वसूल होतात ते याच दिवशी, खिडकीशी बसून, शरीराला वर पोहोचायला वेळ देताना.